हौदाची गोष्ट मी रचली

वडवणीच्या बाजारात, बसस्टँडच्या कडेला, भज्यांच्या हॉटेलात एक गोष्ट अजून सांगितली जाते. दुष्काळाच्या साली एका चेअरमनची बायको नवऱ्याबरोबर पुण्याच्या भारी हॉटेलात गेली. न्हाणीघरात तिनं पांढराशुभ्र टब बघितला आणि वेटरला बोलावून विचारलं, "हौद तर बेस हाय, पण जनावरं कुठं बांधलीत?" एवढं झालं की लोक हसतात. त्या साली ज्यांचा जन्मही झाला नव्हता तेसुद्धा हसतात.

ही गोष्ट खोटी आहे. त्या बाईंनी असं काही विचारलं नव्हतं. टब कशाला म्हणतात हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. गोष्ट मी रचली, पहिल्यांदा मीच सांगितली, आणि गेली वीसेक वर्षं ती दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत खाली मान घालून भजी खात आलो. आता वय झालं. मान आणखी खाली जात नाही, म्हणून लिहितो.

मी एका सहकारी सूतगिरणीचा सेक्रेटरी होतो. गिरणी 'नियोजित' होती. सहकारात हा शब्द मोठा सोयीचा. नियोजित गिरणीला चेअरमन असतो, संचालक मंडळ असतं, जीप असते, कोनशिला असते, दर वर्षी सर्वसाधारण सभा आणि सभेनंतर बुंदी असते. फक्त गिरणी नसते. आमच्याकडे सूत कातायची एकही चाती नव्हती. आमच्या ऑफिसात सूत होतं ते फायली बांधायचं, आणि तेही बाजारातून आणलेलं. आमचे संचालक मात्र सुताच्या भावावर असे बोलत की ऐकणाऱ्याला वाटावं, रात्रपाळी संपवून आत्ताच आलेत.

दुष्काळ पडला तेव्हा गिरणीच्या मोकळ्या जागेवर चारा छावणी उघडली. त्या जागेचा तेवढा एकच उपयोग झाला. आजूबाजूच्या गावांतली जनावरं दावणीला आली, जनावरांबरोबर माणसं आली. जनावरांसाठी मधोमध सिमेंटचा लांब हौद बांधला. टँकर आला की पाणी हौदात पडायचं, आणि त्याच हौदातून एका बाजूनं बैल प्यायचे, दुसऱ्या बाजूनं बाया घागरी भरायच्या. यात काही चुकतंय असं संचालक मंडळातल्या कुणाला वाटलं नाही. मलाही नाही.

वाटलं ते चेअरमनच्या बायकोला. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो. अंबाजोगाईला कॉलेजची दोन वर्षं केलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. छावणी सुरू झाल्यावर त्या रोज सकाळी यायच्या आणि बायांमध्ये बसायच्या. त्यांनी एकच गोष्ट लावून धरली होती, बायांसाठी वेगळी टाकी. "टँकर आधी टाकीत सोडा, मग हौदात," एवढंच. चेअरमन म्हणायचे, बघू. सहकारात हा दुसरा सोयीचा शब्द.

त्या वर्षी दोघांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. एक दिवस छावणीच्या ऑफिसात वहिनींनी मला गाठलं.

"भाऊ, तुमी पुण्याला जाता ना सायबांच्या कामानं?"

"जातो की."

"मग एक हॉटेल बघून ठेवा. दोन दिवसांचं. चांगलं बघा, पण लई थोरलं नको. तिथं आपल्याकडचं एक बी माणूस दिसायला न्हाई पायजे."

"एक बी?"

"तुमी सुदिक न्हाई," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "पंचवीस वर्षांत आमी दोघं एका खोलीत बसून कपभर चहा पिलो न्हाई, भाऊ. कुणी ना कुणी हायच. जेवताना हायच, आजारी पडलं तरी हायच. दोन दिवस. मग पुना तुमचे सायेब तुमाला."

यात खोटं काही नव्हतं. आमच्याकडं पुढारी एकटा दिसला की लोक समजतात, याचं संपलं. दारात चपला किती यावर माणसाची किंमत. चेअरमन संडासला निघाले तरी दोघं जण तांब्या धरून उभे राहायचे. अशा माणसाला बायकोबरोबर एकटं राहायला सांगणं म्हणजे त्याला पद सोडायला सांगण्यासारखंच होतं. तरी ते हो म्हणाले. माझ्यासमोरच म्हणाले, "बायकोचा हट हाय. बघा काहीतरी बेस."

तिथं बसलेला एक संचालक म्हणाला, "सायेब, हनिमून का?"

"चूप बे," चेअरमन म्हणाले, पण लाजले. मी ते बघितलं. ते लिहायला हवं, कारण पुढं त्यांच्याबद्दल चांगलं लिहायची संधी फारशी येणार नाही.

मी पुण्याला गेलो. अशी हॉटेलं मी त्याआधी फक्त बाहेरून बघितली होती. पहिल्या हॉटेलात काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, "कपल?" मी म्हणालो, हो. तिनं माझ्या मागं बघितलं. मागं माझी पिशवी होती. "मॅडम कुठे आहेत?" मी म्हणालो, माझ्यासाठी नाही, चेअरमनसाठी. त्यावर तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी अजून विसरलो नाही. नंतर कळलं की चेअरमन लोकांसाठी खोल्या बघायला येणारी माझ्यासारखी माणसं तिथं पुष्कळ येतात, आणि खोलीत येणारी बाई दर वेळी घरचीच असते असं नाही.

दुसऱ्या हॉटेलात एका टाय लावलेल्या माणसानं मला 'रोमँटिक रूम' दाखवली. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम काढलेला. टॉवेल पिळून त्याचे दोन हंस केलेले, चोचीला चोच लावून बसवलेले. आणि न्हाणीघराला भिंत नव्हती, काच होती. मला वाटलं काम राहिलंय. मी विचारलं, भिंत कधी घालणार? तो म्हणाला, "सर, हीच तर कन्सेप्ट आहे." तालुक्यातल्या गावांत उघड्यावर अंघोळ करणाऱ्या बायांसाठी सरकार आडोसे बांधत होतं, आणि इथं माणसं आडोसा काढायला जास्तीचे पैसे देत होती. त्या माणसाला हे सांगायचं मनात आलं, पण त्याला कळलं नसतं. त्याला मराठवाडा म्हणजे काय तेही धड माहीत नव्हतं. "तिकडे शिर्डी येते ना?" असं त्यानं विचारलं.

तिसरं हॉटेल म्हणजे एका झाडीच्या गल्लीतला जुना बंगला. आठच खोल्या. पाकळ्या नाहीत, हंस नाहीत. वरच्या खोलीला व्हरांडा, व्हरांड्यात वेताच्या दोन खुर्च्या आणि समोर वडाचं झाड. तिथला म्हातारा व्यवस्थापक म्हणाला, "चहा सांगितला की वर येतो. नाही सांगितला तर कोणी येत नाही." मी लगेच खोली सांगून ठेवली. माझ्या नोकरीत मी केलेलं हे एकच शहाणपणाचं काम, आणि ते तीन दिवस टिकलं.

परत आल्यावर वहिनींनी मला ती खोली दोनदा वर्णन करायला लावली. खुर्च्या समोरासमोर आहेत का शेजारी? शेजारी. झाडावर पक्षी असतात का? बघितलं नाही, असतील. "असतातच वडावर," त्या म्हणाल्या.

मग चेअरमननं मला बोलावलं. त्याच आठवड्यात पुण्याला मंत्री येणार होते आणि गिरणीची फाइल त्यांच्यापुढं जायची होती. म्हणजे दोन्ही कामं एकदम होणार होती.

"किती खुर्च्या म्हणलात?"

"दोन."

"दोनच? मग तिसरा मानूस आला तर काय त्याच्या डोक्यावर बसंल का? गाड्या कुठं लावायच्या? मंत्र्याचा पीए भेटाया आला तर त्याला झाडाखाली बसवू?"

"साहेब, पण वहिनी..."

"वहिनीला काय सांगायचं ते माझ्यावर सोडा. बाहेर बसायची खोली असंल असं बघा. सोफा थोरला पायजे."

मी फोनवरून वडाची खोली रद्द केली आणि हंसवाल्यांच्याच मोठ्या हॉटेलात दोन खोल्यांचा सूट घेतला, काचेची भिंत नसलेला. सूट फक्त 'रोमँटिक पॅकेज'मध्येच मिळत होता. मी म्हणालो, द्या. वहिनींना मी काहीच सांगितलं नाही. ते माझ्यावर सोडा असं चेअरमन म्हणाले होते, आणि अवघड गोष्ट दुसऱ्यावर सुटली की मला नेहमीच बरं वाटायचं. त्यांनीही सांगितलं नाही. त्यांना वाटलं असेल, बघू.

निघायच्या दिवशी जीपमध्ये चेअरमन, वहिनी आणि ड्रायव्हर, एवढेच. वहिनींनी निळं पातळ नेसलं होतं. नगरच्या अलीकडं एका धाब्यावर जीप थांबली, तर तिथं आमच्या दोन जीपा आधीच उभ्या. संचालक मंडळातले नऊ जण आणि मी. त्यातल्या एकानं हात पसरून असं नाटक केलं की तमाशातसुद्धा चाललं नसतं. "अरे वा, सायेब! तुमी बी पुण्यालाच? काय योगायोग म्हणायचा!"

वहिनी परत जीपमध्ये जाऊन बसल्या. त्यांचा अजून हॉटेलवर भरवसा होता. आठ खोल्यांच्या बंगल्यात ही नऊ माणसं मावणार नाहीत असा त्यांनी हिशोब केला असावा. पुण्यात जीप झाडीच्या गल्लीकडं न वळता सरळ गेली. मोठ्या हॉटेलच्या पोर्चमध्ये उतरल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "भाऊ, ती गल्ली?"

"ते भरलं होतं, वहिनी," मी म्हणालो.

सूटमध्ये बदाम तयार होता, हंस तयार होते, आणि टेबलावर एक मेणबत्ती भर दुपारी जळत होती. बाहेरच्या सोफ्यावर सहा जण मावले. उरलेले आत आले. एकानं कोपरानं पाकळ्या बाजूला सारल्या आणि पलंगावर गिरणीच्या जागेचा नकाशा पसरला. दुसऱ्यानं हंसाची मान सोडवून तोंड पुसलं. तिसरा पलंगाच्या कडेला बसून तंबाखू मळता मळता म्हणाला, "गादी लई मऊ हाय राव, कंबर जायची." चेअरमन मधोमध बसले होते. नऊ माणसं भोवती आल्यावर त्यांचा चेहरा पहिल्यांदा मोकळा झाला.

वहिनी दाराशी बॅग धरून उभ्या होत्या. बसायला जागा नव्हती आणि बसा असं कुणी म्हणालं नाही. मीही नाही. मग त्या न्हाणीघरात गेल्या आणि आतून कडी लावली. त्या एवढ्या मोठ्या सूटमध्ये बंद होणारं आणि रिकामं असं ते एकच ठिकाण होतं. आत टब होता, टबाची कड होती. त्या तिथं तीन तास बसल्या. आत त्यांनी काय केलं मला माहीत नाही. रडल्या असं लिहिणं सोपं आहे, पण मी तसं लिहिणार नाही. नळाचा आवाज मात्र एकदाही आला नाही.

बाहेर गिरणीचं काम जोरात चाललं. पाच वाजता मधुमेह असलेल्या एका वयस्क संचालकानं दारावर टकटक केली. "वहिनी, राग मानू नका, पर मला आता धरवत न्हाई."

कडी निघाली. वहिनी बाहेर आल्या, कुणाकडं न बघता खोलीतून चालत गेल्या आणि माझ्यापाशी थांबून म्हणाल्या, "भाऊ, मला स्टँडवर सोडा."

मी चेअरमनकडं बघितलं. ते उठून पॅसेजपर्यंत आले. वहिनी लिफ्टपाशी पोचल्या होत्या. ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "कुणी इचारलं तर ताप आला म्हणा. दुसरं काही बोलू नका." आणि परत आत गेले. मी वहिनींना बीडच्या गाडीत बसवलं. खिडकीची जागा मिळाली. पाण्याची बाटली आणून दिली ती त्यांनी घेतली.

मंत्री भेटले नाहीत. दोन दिवसांनी आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी छावणीच्या ऑफिसापुढं आठ-दहा माणसं बसलेली. चाऱ्याची गाडी यायची होती, तोवर कुणाला काही काम नव्हतं. एकानं विचारलं, "सेक्रेटरी, वहिनी एकल्याच कावून परत आल्या हो? येष्टीनं?"

'ताप आला' हे शब्द माझ्या जिभेवर होते. पण समोर हौद होता, हौदावर बैल पाणी पीत होते, आणि सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. चेअरमनच्या मागून बॅग घेऊन चालणाऱ्या माणसाच्या पुढच्या वाक्याची आजवर कुणी वाट बघितली नव्हती. शिवाय तापाची गोष्ट धरून कुणी खोदत गेला असता तर हॉटेल कुणी ठरवलं, कुणी बदललं, इथवर आला असता. हे दुसरं कारण मला नंतर सुचलं. खरं कारण पहिलं. मी म्हणालो, "काय सांगू बाबा. त्या हॉटेलात एक टब होता..."

ते इतके हसले की बैलानं मान वर केली. एकानं मला पाठीवर थाप मारली. आयुष्यात मला एवढी दाद कधी मिळाली नव्हती. म्हणून संध्याकाळी तेलगावच्या एका ओळखीच्याला मी पुन्हा सांगितली, आणि त्या वेळी त्यात वेटर घातला.

महिनाभरानं तालुक्याला टंचाईची बैठक झाली. अधिकारी आले होते, छावण्यांची माणसं आली होती. वहिनी टाकीचा विषय घेऊन उभ्या राहिल्या. कागदावर सगळं लिहून आणलं होतं. "छावणीत बाया जनावरांच्या हौदातून..." एवढंच त्या म्हणाल्या असतील. मागून कुणीतरी ओरडला, "वहिनी, पुण्याचा हौद आणा की इकडं!" सगळा हॉल हसला. अधिकाऱ्यांना संदर्भ माहीत नव्हता, तेही हसले. चेअरमन पुढच्या रांगेत होते. वहिनींनी कागदाची घडी घातली आणि खाली बसल्या. त्या दिवसानंतर त्या छावणीत आल्या नाहीत, आणि कुठल्या बैठकीत उभ्या राहिल्याचंही माझ्या ऐकण्यात नाही. टाकी झाली नाही. पाऊस पडून छावणी उठेपर्यंत बाया हौदातूनच घागरी भरत राहिल्या. मी रोज ते ऑफिसच्या खिडकीतून बघत होतो.

गिरणी शेवटपर्यंत नियोजितच राहिली आणि मग अवसायनात निघाली. जी कधी सुरूच झाली नाही ती बंद करायलासुद्धा सरकारला एक अधिकारी नेमावा लागला. चेअरमन काही वर्षांपूर्वी वारले. अंत्ययात्रेला गाड्या पुष्कळ होत्या. त्यांना आवडलं असतं.

मागच्या महिन्यात त्याच भज्यांच्या हॉटेलात एक मास्तर दुसऱ्याला हौदाची गोष्ट सांगत होते. मी उठलो आणि म्हणालो, असं झालं नव्हतं. काय झालं होतं ते सगळं सांगितलं. खुर्च्या, नकाशा, कडी, सगळं. दोघांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मास्तर म्हणाले, "आसंल खरं, बाबा. पर हौदाची लई भारी हाय." आणि भज्यांची दुसरी प्लेट मागवली.

तेव्हा कळलं की तोंडानं हे होणार नाही. लिहावं लागेल. पण वहिनींना न विचारता लिहिणं बरं नव्हतं, म्हणून मी त्यांच्याकडं गेलो. सिरसाळ्याच्या रस्त्याला शेतात त्यांचं घर आहे. त्या ओसरीत तूर निवडत बसल्या होत्या. मला ओळखलं. बसा म्हणाल्या. मी उभा राहूनच सांगितलं, कारण बसलो असतो तर सांगितलं नसतं.

"वहिनी, ती हौदाची गोष्ट मी रचलेली. साहेबांनी नाही. साहेबांनी मला फक्त ताप आला म्हणायला सांगितलं होतं."

त्यांचा हात तुरीत थांबला. मग म्हणाल्या, "मी त्या टबावर तीन तास बसलेले, हे पुण्यात होते त्यांनाच म्हाईत. मला वाटलं, सायबांचंच डोकं."

मी ओसरीच्या खांबाला टेकलो.

"चौदा वर्षं, भाऊ. त्या दिवसापासनं ते जाईपत्तुर. मी कामापुरतंच बोलले. त्यांनी चारदा तरी इचारलं, काय झालं, माझं काय चुकलं. मी म्हणलं, तुमाला म्हाईत हाय." त्यांनी सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला. "त्यांना म्हाईतच न्हवतं मग."

हे मी घरून निघताना धरलं नव्हतं. मला वाटलं होतं, एका बाईची बदनामी केली, तिची माफी मागायची आणि मोकळं व्हायचं. त्या घरात आणखी एक माणूस माझ्या गोष्टीत अडकला होता आणि त्याला काही न कळताच तो गेला, हे मला कुठून सुचणार? बॅग धरणाऱ्याची नजर बॅगेपुरतीच असते.

"एक इचारते," वहिनी म्हणाल्या. आता त्या सरळ माझ्याकडं बघत होत्या. "खरं सांगा. त्यांच्या कानावर ती गोष्ट गेली, तवा ते हसले का?"

इथं मी खोटं बोलू शकलो असतो. नाही हसले, चिडले, मला झापलं, असं म्हणालो असतो तर मेलेला माणूस स्वच्छ झाला असता. पण मग ती चौदा वर्षं या बाईच्या गळ्यात पडली असती. आणि खरं सांगितलं की त्यात माझाही फायदा होता, कारण दोषाचा वाटा पुन्हा त्यांच्याकडं गेला असता. कुठलंही उत्तर दिलं तरी ते मळलेलंच होतं. म्हणून जे झालं ते सांगितलं.

"हसले," मी म्हणालो. "तिसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावून मला पुन्हा सांगायला लावली. सगळ्या संचालकांपुढं."

वहिनींनी मान हलवली. सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"मग माझं काही चुकलं न्हाई," त्या म्हणाल्या. "ल्ह्या तुमाला काय ल्ह्यायचं ते. नावं घालू नका."

त्या तूर निवडायला लागल्या. मी आणखी थोडा वेळ उभा होतो. त्यांनी पुन्हा बसा म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.